ट्रकच्या चाकातून घूंऽऽ आवाज: बेअरिंग, टायर की क्राऊन?

भुसारवाला | सोमवार, रात्री १०.२०

मंडळी, मदत हवी आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागात आमचं दुकान आहे. घरचा एक चौदा फुटी सहाचाकी ट्रक आहे. कोल्हापूरहून गूळ आणायचा आणि आठवड्यातून एकदा वाशीची फेरी. गेला दीड महिना ही गाडी गायला लागली आहे. चाळीसच्या पुढे घूंऽऽऽ जाणवू लागतं आणि साठला इतकं वाढतं की केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. रिकामी येताना जास्त, माल भरलेला असला की कमी. शिवाय यार्डाच्या गेटातून हळू आत येताना टक... टक... टक असा निराळाच आवाज.

गॅरेजवाला म्हणाला पुढचं उजवं बेअरिंग गेलंय, कारण आवाज उजवीकडून येतो. (येतो उजवीकडूनच, मीही ऐकलाय.) बेअरिंग, सील, ग्रीस, मजुरी धरून साडेपाच हजार झाले. आवाज जसाच्या तसा. आता तो म्हणतो डावंही बदलून बघू. टायरवाला म्हणतो टायर बदला. आमचे ड्रायव्हर मामा तीस वर्षं स्टिअरिंगवर आहेत, ते म्हणतात हाउसिंग वाजतंय, क्राऊन (मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधलं मोठं दातेरी चक्र) गेला. ज्याच्या दुकानात जे मिळतं ते माझ्या गाडीचं बिघडलंय!

टायर सगळे ८.२५-१६ नायलॉन. पुढचे दोन रिब (लांब सरळ खाचांचे), सहा महिन्यांचे. मागचे चार लग (जाड आडव्या ठोकळ्यांचे), त्यातल्या दोघांवर दोन महिन्यांपूर्वी नवं रबर चढवून म्हणजे रिमोल्ड करून घेतलं.

प्रश्न एवढाच की पुढचा पैसा घालण्याआधी आपलं आपल्याला ओळखता येईल का?

पौडफाटा | सोमवार, रात्री १०.२६

टेप मोठ्याने लावा. माझ्या मेव्हण्याने याच उपायावर दोन वर्षं काढली.

चुलतआजोबा | सोमवार, रात्री १०.५१

टायर, रिम, हब, बेअरिंग, एक्सल. अख्ख्या वाक्यात क्रियापद तेवढं मराठी उरलंय! बैलगाडीच्या चाकाला लोखंडी पट्टी चढवत, तिला धाव म्हणत. मधला दांडा तो आख. वंगणाचा बांबूचा नळा गाडीखाली लटकत असे आणि फुकट प्रवास करी, म्हणून 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा'. आमच्या लहानपणी गाडी कुरकुरली की वंगण घालत, आंतरजालावर विचारत बसत नसत.

पौडफाटा | सोमवार, रात्री १०.५५

आजोबा, टायरवाल्याला 'डावी धाव रिमोल्ड करायचीय' म्हटलं तर तोच धाव ठोकेल.

टॉमीपाना | सोमवार, रात्री ११.४०

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी गॅरेजवाल्याची बाजू सांगतो. गिऱ्हाईक येतं, 'आवाज येतोय' म्हणतं, चावी टाकतं आणि संध्याकाळी गाडी पाहिजे म्हणतं. गाडी चालवून बघायला डिझेलसुद्धा ठेवत नाही. मग माणूस अंदाजाने उघडतो. अंदाज चुकला की शिव्या आम्हाला.

आता तुमचं. आधी चालवून बघायच्या गोष्टी, पाना नंतर.

सपाट रस्त्यावर पन्नासला चौथ्या गिअरमध्ये चालवा, मग वेग तोच ठेवून पाचवा टाका. इंजिन खाली उतरेल. घूं तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच यातून सुटले. उरलं चाकं, जॉइंट आणि हाउसिंग.

मग त्याच वेगाला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला. दाबल्यावर रडतं आणि सोडल्यावर गप्प होतं, किंवा उलट, तर क्राऊन-पिनियन. दातांवरचा भार बदलला की त्याचा आवाज बदलतोच. टायरला तुमचा पाय कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

मोकळ्या जागेत तीसच्या वेगाने हलकी नागमोडी चालवा. डावीकडे वळलात की वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं. हे रिकाम्या गाडीने करा.

शेवटी दहा किलोमीटर चालवून, ब्रेक होईल तितका कमी मारून थांबा आणि प्रत्येक हबजवळ हाताची उलटी बाजू न्या. चिकटवू नका, जवळ न्या. बाकीच्यांपेक्षा एकच हब तापलेला असेल तर तिथे बेअरिंग तरी घासतंय नाहीतर ब्रेक तरी धरून बसलाय.

आणि मामांना सांगा, परीक्षा घ्यायला म्हणून खंबाटकी न्यूट्रलमध्ये उतरू नका. हे आधी काहींनी केलंय.

खंबाटकी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ११.५८

आवं ती टकटक आधी बघा की. मोठ्ठं दुखणं शोधायच्या नादात खिळा ऱ्हातो. खडूनं टायरवर खूण करा, गाडी हळू पुढं घ्या, खूण खाली आली की टक वाजतंय का ऐका. एका फेरीला एकदाच वाजलं तर टायरमधी कायतरी बसलंय. आन् जोडचाकांच्या मधी बॅटरी मारून बघा. मधी दगड अडकला असंल तर दोन्ही टायरच्या कडा खातोय, आन् निसटला तर मागच्या फटफटीवाल्याचं काय खरं न्हाय.

हडपसरची_लेक | मंगळवार, सकाळी ७.१५

टॉमीपाना यांचं सगळं पटलं, फक्त जॅकचा भाग राहिला तो मी सांगते. बाबांचे दोन ट्रक होते, आठवीपासून जॅकचा दांडा माझ्या हातात.

मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढचं एक चाक उचला आणि वरून-खालून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा. खेळ लागला की लगेच 'बेअरिंग' म्हणू नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती. तीन आणि नऊवर धरून खेळ आला तर टायरॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचे) एंड बघा. मग एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला कळायच्या आधी पाट्यातून बोटांना कळते.

आणि तुमच्या नव्या बेअरिंगचा हब तापतोय का ते नक्की बघा. एकदा सासवडहून येताना दिवे घाटात आमच्या चाकातून धूर आला. हबमधलं ग्रीस वितळून लायनरवर गेलेलं, त्या चाकाचा ब्रेक लागेना. आदल्या दिवशी मिस्त्रीने बेअरिंगचा नट जीव खाऊन आवळला होता. टेपर बेअरिंगचा नट चाक फिरवत फिरवत आवळायचा आणि मग थोडा मागे सोडायचा असतो. किती सोडायचा ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, मिस्त्रीच्या मनगटात नाही.

टॉमीपाना | मंगळवार, सकाळी ७.४०

ताई, मनगटाचा टोमणा पोचला. पण ब्रेक दाबून बघायची परीक्षा लाखमोलाची आहे. आमच्याकडची पोरंसुद्धा किंगपिनचा खेळ बेअरिंगच्या नावावर खपवतात.

भुसारवाला | मंगळवार, रात्री ९.३०

पहिला अहवाल.

टकटक सापडली! खंबाटकी भाऊंनी सांगितलं तसा खडू मारला. मागच्या उजव्या बाहेरच्या टायरच्या खाचेत बैलाच्या नालेचा खिळा, डोक्यापर्यंत घुसलेला. ऊसाच्या गाड्यांचा प्रसाद. पंक्चरवाल्याकडे नेऊनच काढला, आरपार गेला नव्हता.

जॅक लावला. पुढच्या दोन्ही चाकांना खेळ नाही, खरखर नाही. हब चारही कोमट, सारखेच. नागमोडी चालवून आवाजात फरक नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घूं तसाच. म्हणजे साडेपाच हजार गेले ते गेलेच. पाय उचलायची परीक्षा घेतली, मला फरक वाटला नाही, मामा म्हणतात 'थोडा पडतो'. यावर आमचं भांडण झालं.

सूरपेटी | मंगळवार, रात्री ९.५२

मी सदाशिव पेठेत पेटी शिकवते. ट्रकमधलं ओ की ठो कळत नाही, पण इथे सगळे 'घूं', 'घरघर', 'रडतं' असं लिहिताहेत आणि सूर कुणीच सांगत नाही. फोनवर रेकॉर्ड करून टाका ना. तीस, पंचावन्न आणि साठच्या वेगाला. खिडक्या बंद ठेवून.

पौडफाटा | मंगळवार, रात्री ९.५५

आता धाग्यावर मैफल. मी चहा टाकतो.

भुसारवाला | बुधवार, सकाळी ८.०५

रेकॉर्डिंग टाकलंय. मधला 'आता तरी पटलं का' हा आवाज मामांचा आहे, त्याकडे दुर्लक्ष करा.

सूरपेटी | बुधवार, सकाळी १०.३०

पेटी घेऊन बसले. साठला तुमचा ट्रक बऱ्यापैकी पांढरी एकमध्ये आहे, मध्य सप्तकात. पंचावन्नला काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध येतो. आणि तीसला बरोबर खालच्या सप्तकातली पांढरी एक. वेग निम्मा, सूर एक सप्तक खाली. आमच्या काही विद्यार्थ्यांपेक्षा सुरात आहे.

चाकणकर_कंपनमापक | बुधवार, दुपारी १.१५

सूरपेटी, तुम्ही अजाणता मोठं काम केलंत. माझं पोट गाड्यांच्या आवाजाच्या मोजमापावर चालतं, म्हणून राहवत नाही.

पांढरी एक म्हणजे सेकंदाला साधारण २६२ कंपनं. आता चाक सेकंदाला किती फिरतं ते काढू. भुसारवाला, खडूची खूण करून चाकाची एक पूर्ण फेरी जमिनीवर मोजा. या मापाच्या टायरला २ मीटर ६० सेंटिमीटरच्या आसपास यावी. साठचा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे ६.४ फेऱ्या. २६२ भागिले ६.४ म्हणजे ४१. चाकाच्या एका फेरीत काहीतरी ४१ वेळा घडतंय. काट्याची चूक धरून ४० ते ४२ म्हणा.

बेअरिंग असं वागत नाही. बाहेरच्या कपावर (रोलर ज्याच्या आतून फिरतात त्या कड्यावर) खड्डा असेल तर एका फेरीत त्यावरून निम्म्याहून थोडे कमीच रोलर जातात. म्हणजे सात-आठ ठोके, फार तर नऊ. तो आवाज कितीतरी खाली, खर्जात घरघरेल. ४१ म्हणजे टायरच्या लगचे ठोकळे. जा, मोजून या.

टॉमीपाना | बुधवार, दुपारी २.००

इंजिनिअर साहेब, क्राऊनचे दात मोजलेत का कधी? ४१ दातांचा क्राऊन मी या हातांनी कितीतरी वेळा बसवलाय. ४१ ला ७, ४१ ला ६, दोन्ही. चाकाची एक फेरी म्हणजे सरळ रस्त्यावर क्राऊनचीही एकच फेरी. म्हणजे तोही एकेचाळीस वेळाच बोलणार. तुमचं गणित मामांच्या बाजूनेही तितकंच लागतं.

चाकणकर_कंपनमापक | बुधवार, दुपारी २.२०

पकडलंत. अगदी बरोबर. सुरावरून बेअरिंग सुटलं, पण टायर आणि क्राऊन एकाच पट्टीत गातात.

सूरपेटी | बुधवार, दुपारी २.३१

एकाच पट्टीतले दोन गायक डोळे मिटूनही ओळखता येतात हो. आवाजाची जात वेगळी असते.

चाकणकर_कंपनमापक | बुधवार, दुपारी २.४५

ती जात ओळखायची तर रस्ता बदलायला हवा. क्राऊनला खाली डांबर आहे की काँक्रीट हे कळत नाही, टायरला कळतं. उद्या वाशीची फेरी आहे ना? बायपासला डांबरावर साठला जे ऐकू येतं ते आणि किवळ्याहून एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर साठला जे ऐकू येतं ते, दोन्ही रेकॉर्ड करा. काँक्रीटवर सगळ्याच गाड्यांचा आवाज वाढतो, त्यामुळे 'वाढला' एवढ्यावर जाऊ नका. तो विशिष्ट सूर बाकीच्या आवाजाच्या मानाने कसा बदलतो ते ऐका.

आणखी एक. आवाज उजवीकडून येतो यावर फार भरवसा ठेवू नका. आपल्याकडे दुभाजक उजवीकडे, ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे आणि उघडी. चाकांचा आवाज दुभाजकावर आपटून त्याच कानात येतो. कात्रजच्या बोगद्यात तर चारही बाजूंनी येईल.

चुलतआजोबा | बुधवार, दुपारी ४.१०

हा धागा मी टीका करण्याच्या हेतूने उघडला होता. आता जेवण सोडून वाचतो आहे. ठोकळे मोजले का?

वेताळटेकडी | बुधवार, सायंकाळी ६.४०

अवांतर: रोज सकाळी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या मागच्या टेकडीवर फिरायला जातो. १९६६ पासून ही संस्था पुण्यात आहे आणि गाड्यांच्या आवाजाच्या चाचण्या तिथे होतात. आम्ही टेकडीवर मोरांचे आवाज ऐकतो आणि परत येताना पौड रोडचे. संपलं अवांतर.

भुसारवाला | बुधवार, रात्री १०.१५

टेकडीवाले काका, यार्डात या एकदा, आवाज कशाला म्हणतात ते दाखवतो.

ठोकळे मोजले. फेरी २ मीटर ५९ आली. पण लगच्या ठोकळ्यांचा आकडा सगळ्या टायरना एक नाही! बाहेरच्या दोन्ही रिमोल्डना ३६ ठोकळे. आतल्या दोन्ही जुन्या टायरना ४१. दोनदा मोजले, मांडी घालून, गाडीखाली. बायको म्हणाली हे आता डोक्यात गेलंय.

चाकणकर_कंपनमापक | बुधवार, रात्री १०.२०

म्हणजे टायर असेल तर तो आतला आहे. रिमोल्ड ३६ चा सूर गाणार, तो पांढरी एकच्या दोन-सव्वादोन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) खाली येईल. सूरपेटीताईंना तो ऐकू आला असता.

सूरपेटी | बुधवार, रात्री १०.२४

नव्हता. आणि असता तर सांगितलं असतं.

भुसारवाला | गुरुवार, रात्री ११.३०

वाशीहून परतलो. वारजे, वाकड करत किवळ्यापर्यंत डांबर, तिथवर नेहमीचा घूं. एक्सप्रेसवेचं काँक्रीट लागलं तसा आवाजाचा पोतच बदलला. घूं फाटल्यासारखा झाला, खरखर वर आली आणि मूळ सूर तिच्यात बुडाला. पुढे एका ठिकाणी डांबराचा पट्टा लागला, तिथे घूं लगेच परत. पाय उचलला, दाबला, परत उचलला. काहीही फरक नाही. या वेळी मामांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं. (गाडी मी चालवत होतो, काळजी नसावी.) पाय कधी उचलला ते त्यांना तीनदा ओळखता आलं नाही.

मामा गप्प आहेत. चुकलो म्हणाले नाहीत. पण खालापूरनंतर हाउसिंगचं नाव काढलं नाही.

टॉमीपाना | शुक्रवार, सकाळी ६.५०

मग टायर, आणि आतला. आता कुठला ते हाताने बघा. तळवा टायरच्या नक्षीवरून आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीचे दात लागले तर तोच. लगच्या टायरला हे फार होतं, ठोकळ्याची एक कड झिजते आणि दुसरी उभी राहते. मग प्रत्येक ठोकळा रस्त्यावर थापड मारत जातो. आणि आतल्या टायरची हवा बघा. गेजने. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने ठोकून नाही.

खंबाटकी_एक्सप्रेस | शुक्रवार, सकाळी ७.३०

टॉमीनं ठोकून आम्हास्नी बरोबर कळतं राव. इतकी वर्सं काय गेज घिऊन हिंडलो का?

टॉमीपाना | शुक्रवार, सकाळी ७.३८

पार बसलेला टायर कळतो. ९५ आणि ७० पौंडांमधला फरक टॉमीला कळत नाही भाऊ. पैज लावतो, चहा-क्रीमरोलची.

भुसारवाला | शुक्रवार, दुपारी १.००

खंबाटकी भाऊ, क्रीमरोल तुमच्याकडे लागला.

बाहेरचे दोन्ही ९५. उजवा आतला ९०. डावा आतला ५५!! त्याच्या व्हॉल्व्हला वरून हवा भरायची लांब नळीच नाही. रिमोल्ड बसवताना काढली ती परत लावली नाही. गेले दोन महिने पंपावर 'सगळ्यात हवा भर' म्हटलं की पोरगा जिथे हात पोचतो तिथे भरत होता. तळवा फिरवला, करवत आहे. डावीकडे, आत. आणि आम्ही बदललं उजवीकडचं, पुढचं.

आता ९५ भरून बघू का?

टॉमीपाना | शुक्रवार, दुपारी १.०४

नाही! थांबा. गाडीवर असताना हवा भरू नका. इतक्या कमी हवेत टायर दीड-दोन महिने भाराखाली चाललाय. कडेच्या आतले दोरे वाकून वाकून तुटलेले असू शकतात, बाहेरून काही दिसत नाही. वर हवा भरली की कड फाटून फुटतो आणि भरणारा माणूस समोरच बसलेला असतो. चाक काढा, हवा पूर्ण सोडा, टायर उतरवून आतून बघा. ट्यूबवर, आत रबराची काळी भुकटी किंवा सुरकुत्या दिसल्या तर तो टायर भंगारात. पिंजऱ्यात हवा भरणाऱ्याकडेच जा.

दुसरं, रिमोल्ड दोन्ही बाहेर लावायला कुणी सांगितलं? जोडीतल्या टायरचा घेर सारखा लागतो. बाहेरचा ताज्या रबराने उंच, आतला झिजलेला आणि वर हवा कमी. दोघं एकाच हबवर, फेऱ्या सारख्याच मारणार. मग बुटका टायर उंच भावाबरोबर फरफटत जातो. म्हणून करवत. माल भरल्यावर आतला नीट दाबून बसत असेल, रिकाम्यात नुसता थडथड करत असेल, म्हणून रिकामी येताना आवाज जास्त.

भुसारवाला | शुक्रवार, दुपारी १.१०

टायरवाला म्हणाला होता नवे बाहेर लावतो, दिसायला बरे दिसतात.

चुलतआजोबा | शुक्रवार, दुपारी १.२२

दिसायला बरे. हे पुण्यात कुणी म्हणालं यावर माझा विश्वास नाही.

हडपसरची_लेक | शुक्रवार, दुपारी २.४०

चाकं काढताय तर दोन गोष्टी. डिस्कच्या आणि हबच्या बसायच्या जागेवरचा गंज, माती, रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशने साफ करा. आणि चाकं बसवून ५०-१०० किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळा. हे दुसरं सगळे ऐकतात आणि कुणी करत नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा. शेवटचे दोन वर्षाचे, आधीचे दोन आठवड्याचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. रिमोल्डच्या नव्या नक्षीखाली म्हातारा टायर लपलेला असतो.

पौडफाटा | शुक्रवार, दुपारी २.४४

ब्यूटी पार्लरबद्दल बोलताय का?

हडपसरची_लेक | शुक्रवार, दुपारी २.४५

तुमच्या मेव्हण्याच्या टेपबद्दल.

भुसारवाला | रविवार, रात्री ८.५०

टायर उतरवला. आत काळी भुकटी ओंजळभर निघाली आणि कडेला आतून दोरे दिसत होते. भंगारात दिला. रिमोल्डची जोडी आता डावीकडे आत-बाहेर एकत्र लावली. उजवीकडे जुना आतला आणि स्टेपनी, दोघांचे घेर सुतळीने मोजून जुळवले. दोन्ही आतल्या व्हॉल्व्हना नळ्या, दोनशेत काम झालं.

घूं गेला. पूर्ण नाही, लगचे टायर आहेत, थोडं गाणारच. पण आज मामांनी केबिनमध्ये हळू आवाजात मला दोन शिव्या दिल्या आणि त्या स्पष्ट ऐकू आल्या.

सूरपेटीताई, गुळाची ढेप पाठवतोय, पेठेत कुठे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भुसारवाला | बुधवार, रात्री ९.४०

धागा वर काढतोय, सांगायला लाज वाटते तरी. हडपसरच्या ताईंनी सांगितलं होतं, मी वाचलं, मान डोलावली आणि विसरलो. आज कोल्हापूरला जाताना खेड शिवापूरच्या अलीकडे हळू वेगात कडक-कडक असा नवाच आवाज. मी म्हणालो परत खिळा असेल, पुढे बघू. मामांनी ऐकलं नाही, टोलनाक्याच्या आधीच गाडी कडेला घेतली. डाव्या मागच्या चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. नटांच्या बुडातून गंजाचे तांबडे ओघळ आले होते. डिस्कवर रंगाचा जाड थर होता, तो दबला आणि नट सैल पडले. तसेच पुढे खंबाटकीला लागलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करत नाही.

खंबाटकी_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ९.५२

मामांचा क्राऊन चुकला, पर कान बरोबर हाय. त्यास्नी माझ्याकडनं क्रीमरोल. टॉमीपानाचा बी त्यातच धरा. आन् सैल नटानं स्टडची भोकं लांबट झाली असतील तर ती डिस्क परत घालू नगा.

भुसारवाला | बुधवार, रात्री १०.००

बघितली, गोल आहेत. आवळले, साताऱ्यात परत तपासले. आता शेवटचा प्रश्न. पुढचं उजवं जे बेअरिंग उगाच काढलं ते मी गॅरेजवाल्याकडून मागून आणलंय. ते चांगलं असेल तर जपून ठेवू का?

टॉमीपाना | बुधवार, रात्री १०.२५

मागून आणलंत हे बरं केलंत. डिझेलमध्ये धुवा, फडक्याने पुसा, हवेच्या नळीने फिरवू नका. रोलरवर निळी झाक, खड्डे किंवा ओरखडे दिसले तर फेकून द्या. स्वच्छ चकचकीत असेल तर ग्रीस लावून कागदात गुंडाळा. पण बाहेरचा कप हबमधून ठोकून काढलेला असेल, तोही त्याच पुडीत हवा. कप एकाचा आणि रोलर दुसऱ्याचे असं बसवायचं नाही. कप आणलाय का?

भुसारवाला | बुधवार, रात्री १०.३१

कप हबमध्येच आहे म्हणे. जुनाच ठेवला, 'चांगला होता' म्हणाला. बिल मात्र पूर्ण सेटचं आहे.

टॉमीपाना | बुधवार, रात्री १०.३३

मग जुन्या कपावर नवे रोलर फिरताहेत. उद्या हब उघडा. निगडीला आणलात तर मजुरी घेणार नाही, डिझेल मात्र भरून आणा.